हळदीची कढई आणि माटुंग्याची प्रयोगशाळा

आजचा विषय रासायनिक अभियांत्रिकीचा इतिहास. कुरुंद्यात त्याचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण ओली हळद आपण शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो. शिजवल्यावर आतला स्टार्च फुलतो, रंग सगळीकडे पसरतो, हळकुंड एकसारखं वाळतं. कढई मागे पडली, वाफेचे कुकर आले. उष्णता किती द्यावी, पाणी कसं काढावं, इंधन कुठं वाचवावं, हेच या शास्त्राचे मूळ प्रश्न होत.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा पाया १ ऑक्टोबर १९३३ रोजी पडला. मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला. मुंबई तेव्हा कापडगिरण्यांची. म्हणून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे दोनच अभ्यासक्रम होते. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला आला. लोक त्याला ‘यूडीसीटी’ म्हणू लागले. १९६४ मध्ये मनमोहन शर्मा केंब्रिजहून इथे प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा त्यांचं वय अवघं २७. वायू आणि द्रव एकत्र आले की अभिक्रिया किती वेगाने होते, हा त्यांचा विषय. त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी एक रघुनाथ माशेलकर. १९६९ मध्ये त्यांनी इथूनच पीएच.डी. केली.

आता हळदीकडे या. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत, जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट! त्यानंतर माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक झाले. १९९६ मध्ये सीएसआयआरने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट ऑफिसने ते दावे फेटाळले. कशाच्या बळावर? ‘आमच्या घरी लावतात’ एवढं सांगून भागलं नसतं. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांसह ३२ लेखी पुरावे मांडावे लागले. त्यात १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंधही होता.

आम्हाला यातून एवढंच सांगायचं आहे: लिहिलेलं टिकतं. २०१८ पासून माटुंग्याच्या संस्थेची शाखा जालन्यात आहे, २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण वाण कोणतं, किती वेळ शिजवली, किती दिवसांत वाळली, कुर्कुमिन किती आलं, ही वही कोण ठेवतं? संशोधकाला प्रश्न तिथूनच मिळतात. आणि उद्या कुणी पुन्हा हक्क सांगायला आला, तर आपल्या हातात तीच वही असेल.