स्टेशनवरचा ओटीपी आणि सानपाड्याचा राउटर

रेल्वे स्टेशनवर फुकटचं वाय-फाय जोडताना मोबाईल नंबर विचारतात, ओटीपी येतो, तो टाकला की नेट सुरू. ओटीपी मागतात म्हणजे नेटवर्क सुरक्षित असणार, असं मी बरीच वर्षं समजत होते. तुमचाही तसाच समज असेल तर आज थोडा इतिहास बघू. मी राहते शिरवण्यात. जुईनगरहून वाशीकडे जाणारी गाडी पकडली की पुढचं स्टेशन सानपाडा. ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून जास्त माणसं मृत्युमुखी पडली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा आयपी पत्ता शोधत तपास पोहोचला सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन नागरिक भाड्याने राहत होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. शेवटी समोर आलं ते असं: त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं.

हे कसं होतं? आयपी पत्ता म्हणजे चाळीचा पत्ता समजा. पत्र कुठल्या चाळीतून आलं ते कळतं, कुठल्या खोलीतून ते नाही. एका राउटरमागे दहा लॅपटॉप असले तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो.

प्रकार तिथेच थांबला नाही. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वाय-फाय वापरलं गेलं. १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरमधल्या एका कंपनीचं. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन उघडी नेटवर्क शोधत फिरली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या: सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख पटवा, ओळखपत्राची प्रत ठेवून किंवा मोबाईलवर लॉगिन पाठवून. पुढे जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं, तेव्हा आपल्याला ओटीपीची सवयच लागली.

आता मुद्दा नीट बघा. ओटीपी एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: नेटवर्क कुणी वापरलं? तुमचं बोलणं मध्येच कोण ऐकतंय, हा प्रश्नच वेगळा. पासवर्ड नसलेल्या वाय-फायवर लॅपटॉप ते राउटर हा टप्पा बहुतेक ठिकाणी उघडाच असतो, ओटीपी टाकल्यावरसुद्धा.

या दुसऱ्या प्रश्नाने जगाला जागं केलं ऑक्टोबर २०१० मध्ये. एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन जाहीर केलं. तेव्हा बऱ्याच साइट लॉगिनपुरतं एन्क्रिप्शन वापरायच्या, पुढचं सगळं उघडं. लॉगिन झाल्यावर मिळणारी कुकी हवेतून उचलली, की पासवर्ड माहीत नसतानाही शेजारचा माणूस तुमच्या खात्यात. नंतर मोठ्या साइट पूर्ण एचटीटीपीएसवर गेल्या. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळू लागली आणि छोट्या साइटही मागोमाग आल्या.

म्हणजे आज धोका संपला? नाही, त्याने जागा बदलली. एमएस्सीला असताना मी एका कॅफेत बसून थीसिसचं काम करत होते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "ताई, तुमचं 'फायनल डेटा' फोल्डर मला दिसतंय." लॅबमध्ये शेअरिंग चालू केलं होतं, ते तसंच राहिलं होतं. दोन वर्षांची मोजमापं, अप्रकाशित! इथे एचटीटीपीएस काहीच करू शकलं नसतं. मुलगा चांगला होता, एवढंच माझं नशीब.

म्हणून संशोधनाला लागण्याआधी या सवयी लावून घ्या. बाहेरचं नेटवर्क जोडताना लॅपटॉपला ते 'पब्लिक' असल्याचं सांगा, फाइल शेअरिंग बंद ठेवा. आपोआप जोडणी बंद करा, काम झालं की नेटवर्क 'फरगेट' करा, कारण त्याच नावाचं खोटं हॉटस्पॉट कुणीही उभं करू शकतं. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका, तिथेच थांबा. विद्यापीठाचा व्हीपीएन असेल तर तो वापरा. बँकेचं काम किंवा पेपर सबमिट करायचा असेल तर सरळ मोबाईलचा हॉटस्पॉट घ्या. ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन हवंच. आणि घरच्या राउटरला चांगला पासवर्ड ठेवा, सानपाड्याची गोष्ट आठवून.

प्रयोगशाळेत कंट्रोल ठेवताना आपण विचारतो, की हा नेमकी कुठली शक्यता बाद करतो? सुरक्षेच्या प्रत्येक उपायालाही हाच प्रश्न विचारा. आज घरी गेलात की लॅपटॉपवर कुठली फोल्डर शेअर आहेत, तेवढं आधी बघा.