फाळक्यांचें घर

दादासाहेब फाळके यांस आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतों. परंतु नाशिककरांनीं त्यांच्यासवें त्यांच्या घराचेंही स्मरण करावें, असें आम्हांस वाटतें. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेला हा कलावंत १९४४ सालीं नाशकांतच निवर्तला. या सहा तपांच्या आयुष्यांत त्याची कला घरापासून कधीं निराळी झालीच नाहीं.

१९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’स तारामती मिळेना, अखेर साळुंके नांवाच्या पुरुषानें ती भूमिका केली. पडद्यामागें मात्र सरस्वतीबाई होत्या. त्यांनीं अंगावरचे दागिने काढून दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्रीं अंधारांत बसून कोऱ्या फिल्मला छिद्रें पाडिलीं. रोहिदास झाला तो त्यांचाच भालचंद्र. त्याच सालीं बिऱ्हाड नाशकास आलें, आणि १९१९ च्या ‘कालियामर्दना’ंत कृष्ण झाली ती लहानगी मंदाकिनी. स्त्रियांनीं पडद्यावर येणें लोक लाजिरवाणें मानीत, त्या काळीं स्वतःची लेक पुढें करणाऱ्या बापाचें धैर्य आम्हांस त्याच्या कॅमेऱ्याच्या कौशल्याहूनही मोठें वाटतें.

सरकारनें १९६९ सालीं दादासाहेबांच्या नांवें पुरस्कार सुरू केला. सरस्वतीबाईंचे ते हात मात्र आमच्या चित्रपटेतिहासांत अजून दोन ओळींपुरतेच उरले आहेत.