फासे, मास्तर आणि बेहड्याचं झाड

मी हिशेबात कच्चा आहे असं आजवर फक्त आमच्या सौभाग्यवतीच म्हणत आल्या. एरवी टेंभुर्णीत माझं नाव बरं आहे. बी.कॉम. झालो आहे आणि 22 वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे पैसे मोजतो आहे. पण गेल्या पाडव्याला चिरंजीवांनी घरच्या संगणकावर बॅकगॅमन नावाचा खेळ चढवला, आणि फराळाचं ताट संपेपर्यंत मी 7 डाव हरलो.

बॅकगॅमन म्हणजे आपल्या सारीपाटाचा परदेशी मावसभाऊ. 24 घरं, दोघांच्या 15-15 सोंगट्या, दोन फासे. ज्याच्या सोंगट्या आधी पटाबाहेर पडतील तो जिंकला. पाडव्याचं जुनं नाव द्यूतप्रतिपदा. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत, आणि पुराणात त्या खेळात शंकरच हरतात. तेव्हा घरात हरण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे असं मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शंकरांना निदान तिसरा डोळा होता."

हरलेल्या माणसाला पहिला संशय फाशांचाच येतो. मला नेमके नको तेव्हा दोन-एक पडत आणि संगणकाला हवे तेव्हा दोन सहा. मी जाहीर केलं, "हा यंत्रपुरुष फासे खोटे टाकतो." चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, तुम्हीच हाताने टाका, मी आकडे भरतो." सौभाग्यवतींना पंच नेमून देवघरातल्या पाटावर मी 5 डावांचे फासे टाकले. त्यातले 4 हरलो. फासे निर्दोष सुटले.

मग चिरंजीवांनी माझ्यासाठी त्या खेळातला मास्तर जागा केला. हा मास्तर फार तोंडाळ. आपण सोंगटी हलवायचा अवकाश, की पडद्यावर पाटी झळकते : 'घोडचूक!' इथवर ठीक होतं, मास्तरांची मला सवय आहे. पण डाव संपल्यावर तोच कार्यक्रम सगळ्या चालींची छाननी करतो. त्या छाननीत मास्तरने घोडचूक ठरवलेली माझी एक चाल चक्क 'उत्तम' निघाली! खुर्दकिर्द एक सांगते, खातेवही दुसरं. बँकेत असं झालं तर रात्रीचं जेवण दहाला होतं.

त्या रात्री आमचंही दहालाच झालं. बापलेकांनी मिळून फरक शोधला. मास्तर समोरचा पट नुसता बघून मत देत होता, तर छाननी पुढची दोन-दोन दानं डोक्यात खेळून. शिवाय एकाला सुटा डाव धरायला सांगितलं होतं आणि दुसऱ्याला 7 गुणांचा सामना. एकट्या डावात शहाणपणाची चाल सामन्यात वेडेपणाची ठरू शकते. दोघांना एकच नियम लावले, तेव्हा दोघांचं एकमत झालं. तरीही शंका उरली तर शेवटचा उपाय असतो : तोच पट मांडून संगणकाने तिथून पुढे डाव खेळायचा, एकदा नव्हे तर 1296 वेळा. दोन फाशांची दानं 36 प्रकारे पडतात. छत्तीस गुणिले छत्तीस म्हणजे 1296. म्हणजे पहिल्या दोन फेकींत प्रत्येक दानाची वर्णी सारखी लागते आणि नशिबाला बोलायला जागा राहत नाही.

असल्या चुका थोरामोठ्यांनाही भोवल्या आहेत. हान्स बर्लिनर हे अमेरिकेतले प्राध्यापक, पत्राने खेळायच्या बुद्धिबळाचे एके काळचे जगज्जेते. त्यांनी बॅकगॅमन खेळणारा कार्यक्रम लिहिला. त्याला डावाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं गुणपत्रक दिलं. झालं असं, की जिंकत आलेला कार्यक्रम टप्प्याच्या उंबऱ्यावर येऊन अडून बसे. कारण उंबरा ओलांडला की पलीकडच्या गुणपत्रकात त्याचे गुण कमी दिसत! बढती मिळाली तर बदली होईल म्हणून परीक्षेलाच न बसणारे कारकून मी पाहिले आहेत, त्यातलीच ही गत. बर्लिनरांनी मग उंबरे झिजवून उतार केले, म्हणजे एका टप्प्याचे गुण दुसऱ्यात हळूहळू मिसळतील असं गणित बसवलं. जुलै 1979 मध्ये माँटे कार्लोला त्या कार्यक्रमाने ताज्या जगज्जेत्या लुइजी व्हिला यांना 7-1 असं हरवलं.

जगभर डंका वाजला. पण मला बर्लिनर आवडतात ते पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी जिंकलेल्या सामन्याची छाननी केली आणि छापून सांगितलं, की आमच्या कार्यक्रमाला दानं चांगली पडली, आणि मोकळेपणी निवडायच्या 73 चालींपैकी 8 ठिकाणी तो चुकला. हरल्यावर वही तपासणारे पुष्कळ असतात. जिंकल्यावर तपासणारा दुर्मिळ.

छाननीचा हा उद्योग अमेरिकेत सुरू झाला असा चिरंजीवांचा समज होता. मी त्याला महाभारतातलं वनपर्व सांगितलं. नळराजा पुष्कराशी द्यूत खेळला आणि राज्य हरला. त्याच्या अंगात कली शिरला होता. पुढे बाहुक नाव घेऊन तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंतीच्या स्वयंवराला विदर्भात एका दिवसात पोचायचं म्हणून रथ उधळला असताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. ऋतुपर्णाने चालत्या रथातून सांगितलं : या दोन फांद्यांवर 5 कोटी पानं आणि 2095 फळं आहेत.

आपण असतो तर 'वा महाराज' म्हणून घोडे हाकले असते. नळाने रथ थांबवला. राजा 'उशीर होतोय' म्हणून ओरडत असताना त्याने खाली उतरून झाड तोडलं आणि फळं मोजली. बरोब्बर भरली! मग नळाने अश्वविद्या देऊन ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या घेतली, आणि त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. गुरूचा हिशेब स्वतः मोजून पाहणारा हा पहिला शिष्य.

ही गोष्ट सांगताना मला काउंटरवरचे एक आजोबा आठवत होते. त्यांची मुदत ठेव मी नवी करून दिली होती. दिवाळीच्या आधी ते आले आणि म्हणाले, "साहेब, व्याज कमी लागलंय." मी मानही वर न करता म्हणालो, "आजोबा, हिशेब संगणक करतो. तो चुकत नाही." ते पावती घडी घालून निघून गेले.

सुट्टी संपल्यावर मी तो कागद काढला आणि पेनाने बेहड्याची फळं मोजली. आजोबांनी फॉर्म मुदत संपली त्याच दिवशी, 4 तारखेला दिला होता. तो माझ्या खणात पडून राहिला, आणि मी ठेव 27 पासून धरली. 23 दिवसांचं व्याज! संगणकाने चोख हिशेब केला होता, मी भरलेल्या चुकीच्या तारखेवरून.

साहेबांपुढे कबुली दिली, दुरुस्ती झाली, आजोबांना निरोप धाडला. ते आले, पासबुक डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि विचारलं, "मग मशीन चुकलं होतं व्हय?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. मशीन काही तक्रार करणार नव्हतं.

"नाही आजोबा," मी म्हणालो, "मी चुकलो होतो."

ते हसले. "मोजलंत तर खरं," म्हणाले. पौषात ते हुरड्याची कणसं घेऊन आले. त्या रात्री हुरडा खात मी पुन्हा पट मांडला आणि सलग 3 डाव हरलो.

फाशांना मात्र काही बोललो नाही.