कॅसेट आणि फुंकर

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे पोचल्या. मराठी मुलांनी कार्ट्रिजला 'कॅसेट' हेच नाव दिले. खेळ अडला की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. गुण फुंकरीचा नव्हता. काढघालीत तिच्या ६० धातूच्या पट्ट्या घासल्या जात व जोड नीट बसे. उलट, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजत. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसाव्यात, पूर्ण सुकू द्याव्यात. नकली कॅसेटमधली चिप बहुधा काळ्या घट्ट थेंबाखाली गाडलेली असते, ती सहज बदलता येत नाही. म्हणून एका पिढीचा हा ठेवा पट्ट्या जपल्या तरच टिकेल.