ओळंबा आणि दप्तर : समुद्रतळींच्या दारूगोळ्याच्या शोधाविषयीं

समुद्रांत टाकून दिलेला दारूगोळा त्याच्या गुरुत्वाकर्षणावरून हुडकतां येईल काय, असा प्रश्न हल्लीं शास्त्रज्ञांपुढें आहे. समुद्रापासून इतक्या दूर मूर्तिजापुरास बसून मीं त्यावर लिहावें, याचीं कारणें दोन. या विद्येच्या इतिहासांतील एक जुनी नोंद आमच्या वऱ्हाडांतली आहे. आणि या प्रश्नाचें अर्धें उत्तर यंत्रांत नसून जुन्या कागदांत आहे.

त्रिकोणमितीय मोजणीचे प्रमुख लँब्टन हे २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें वारले व काम जॉर्ज एव्हरेस्ट यांजकडे आलें. दक्षिणेंतील दामरगिदापासून सिरोंजजवळील कल्याणपुरापर्यंत जो कंस मोजला गेला, त्याचें मधलें ठाणें एलिचपूर प्रांतांत होतें. इंग्रजी दप्तरांत त्याचें नांव ‘टाकल खेरा’ असें असून अक्षांश सुमारें २१ अंश ६ कला आहे. ताऱ्यांचे वेध घेतांना ओळंबा सरळ खालीं लोंबतो असें धरून चालावें लागतें. परंतु उत्तरेकडील डोंगराळ प्रदेश ओळंब्यास किंचित् आपल्याकडे ओढीत असावा, अशी शंका एव्हरेस्ट यांस आली, व १८३० सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं तिचा विचार केला. म्हणजे सातपुडा न खणतां त्याचें वजन ओळंब्यानें सांगावें, असा हा प्रकार.

पृथ्वी जड वस्तूंस आपणाकडे ओढते, हें भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें रचलेल्या सिद्धान्तशिरोमणींत आहेच. तथापि प्रत्येक डोंगर, किंबहुना प्रत्येक ढीग, आपल्या वस्तुमानाप्रमाणें ओढतो, हा सिद्धान्त न्यूटनचा. तो भास्कराचार्यांच्या पदरीं बांधणें योग्य नव्हे. पुढें हंगेरींतील एटवश यांनीं पिळाचा तराजू इतका नाजूक केला कीं, १९०१ सालीं गोठलेल्या बालाटॉन सरोवराच्या बर्फावर तो मांडून त्यांनीं तळाखालच्या वस्तुमानाचा फेर टिपला. २०२२ मध्यें बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनीं थंड केलेल्या अणूंच्या साह्यानें रस्त्याखालचा बोगदा याच तत्त्वावर ओळखल्याचें प्रसिद्ध केलें.

समुद्रतळीं मात्र काम फार अवघड. शेजारच्या चिखलापाण्याहून शंभर टन अधिक भरेल असा ढीग घेतला, तरी दहा मीटरांवरून पृथ्वीच्या ओढींत पडणारा फरक सुमारें पंधरा कोटींत एक भाग इतकाच. अंतर दुप्पट होतांच तो चौथाईवर येतो. आणि लाटांनीं जहाजास बसणारे धक्के त्याच्या लक्षावधीपट असतात. म्हणून यंत्र तळालगत न्यावें लागतें, व एका ओढीऐवजीं जवळजवळच्या दोन बिंदूंवरील ओढींतला फरक मोजावा लागतो. दोहोंस धक्का सारखाच बसत असल्यानें तो वजा होतो. सामान्यतः लोखंड चुंबकमापकानेंच शोधतात. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील कांहीं जर्मन पाणसुरुंगांचीं कवचें ॲल्युमिनियमचीं होतीं. तेथें चुंबक मुका राहतो. वजन मात्र कोणत्याही धातूस लपवितां येत नाहीं.

तरीही यंत्र एवढेंच सांगणार कीं, ‘येथें कांहीं जड आहे.’ काय आहे, तें कागदच सांगेल. याचें उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा दुपारीं चारनंतर दोनदां स्फोट झाला व शेंकडों माणसें मेलीं. त्यावर सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्य, कराचीस भरलेल्या कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी आणि सोन्याच्या विटा होत्या. स्फोटक माल दर्शविणारा तांबडा बावटा जहाजावर नव्हता. पुढें कित्येक वर्षांनीं गाळ उपसतांना सोन्याच्या विटा हातीं लागल्या. ३१ पेट्या, पेटींत चार विटा, असा हिशेब लेखीं असल्यामुळें त्या कोठल्या हें कळलें. विखुरलेल्या दारूगोळ्याचा असा नगवार हिशेब कोण देणार?

जेथें मुद्दाम माल बुडविला, तेथेंही हेंच. स्कॉटलंड व आयर्लंड यांमधील बोफर्ट्स डाइक या खोल दरींत ब्रिटिश सरकारनें दहा लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. पुष्कळ नोंदी नष्ट झाल्या, आणि कांहीं माल ठरल्या जागेपूर्वींच टाकला गेला. १९९५ सालीं त्या भागांत वायूची नळी घालतांना पेटते फॉस्फरसचे हजारों नळकांडे स्कॉटलंडच्या किनाऱ्यास लागले, व तेथें खेळणारें एक मूल भाजलें. नोंदवहीचें पान फाडणाऱ्यास त्या मुलाची कल्पना नसावी.

आपण संग्राहक बखरी व सनदा जपतों. गोदींच्या माल-याद्या, जहाजांच्या रोजनिशा, कोठारांचे जावक-बारनिशीचे कागद रद्दींत जाऊं देतों. ते नीरस आहेत, हें खरें. परंतु शंभर वर्षांनीं कोळ्याच्या जाळ्यांत काय येणार, हें कदाचित् त्यांतच लिहिलेलें असेल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील, त्यांनीं ते वाळवीपासून राखावे व त्यांची यादी करून ठेवावी, अशी विनंति आहे.