विद्युत सायकल रूपांतरण

साध्या सायकलीला विद्युत मोटर, बॅटरी आणि नियंत्रक (कंट्रोलर) बसवून तिची विद्युत सायकल करणे, यास विद्युत सायकल रूपांतरण असे म्हणतात. तयार विद्युत सायकल विकत घेण्यापेक्षा कमी खर्चात काम भागावे, हा यामागील सर्वसाधारण हेतू असतो. मात्र मूळ सायकल सुस्थितीत नसेल तर ही बचत फसवी ठरते. गंजलेला सांगाडा, डुलणारी चाके आणि झिजलेले ब्रेक बदलता बदलता एकूण खर्च तयार सायकलीच्या जवळ जाऊन पोहोचतो.

पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्ये मागील चाकाच्या तुंब्यात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट मिळाले होते. पायडलवरील जोर ओळखून त्या प्रमाणात साहाय्य देणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली.

कायदेशीर मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोग्रॅमपर्यंत असलेले वाहन 'मोटार वाहन' मानले जात नाही. पुरेसे ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक याही अटी आहेत. ही सूट विहित चाचणी संस्थेच्या पडताळणीशी जोडलेली आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही अशा संस्थांपैकी एक होय. घरी रूपांतर केलेल्या सायकलीजवळ असे प्रमाणपत्र सहसा नसते, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घेणे इष्ट. ५०० किंवा १००० वॅटचा संच बसवल्यास तर सायकल या सवलतीच्या बाहेरच जाते.

मोटरची निवड

कमी खर्चाच्या रूपांतरात चाकाच्या तुंब्यात बसणारी हब मोटर प्रामुख्याने वापरली जाते. तिच्यातील दंतचक्रे असलेला प्रकार हलका असून चढावर बरा चालतो, आणि वीज बंद असताना सायकल जड जात नाही. दंतचक्रे नसलेली मोटर टिकाऊ व आवाजविरहित असली, तरी तिचे वजन अधिक असते. पायडलच्या आसापाशी बसणारी मोटर सायकलीच्या गिअरचा लाभ घेते. त्यामुळे ती घाटात सरस ठरते, परंतु महाग असते आणि साखळी लवकर झिजवते.

२५० वॅट अपुरे पडतील अशी शंका अनेकांना असते. चालकासह शंभर किलो वजनाची सायकल शंभर मीटरला सहा मीटर उंची गाठणाऱ्या चढावर ताशी १२ किलोमीटर वेगाने नेण्यास सुमारे २०० वॅट, आणि चाकांचे घर्षण धरून त्याहून थोडी अधिक शक्ती लागते. पायांची जोड मिळाल्यास शहरातील बहुतेक चढ या मर्यादेत पार होतात.

बॅटरी

संचातील सर्वांत खर्चिक आणि सर्वांत धोक्याचा भाग हाच. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. तुलना नेहमी याच आकड्याने करावी. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज. सपाट रस्त्यावर पायडल मारत गेल्यास किलोमीटरला साधारण १० वॅट-तास खर्च होतात. रोज जाऊन-येऊन २४ किलोमीटर जाणाऱ्यास २४० वॅट-तास लागतील. चढ, उलटा वारा आणि कालांतराने घटणारी क्षमता जमेस धरता त्याने ३६० वॅट-तासांची बॅटरी घेणे योग्य.

शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त, पण जड आणि अल्पायुषी असतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकार काहीसा जड असला तरी अधिक वेळा चार्ज करता येतो व उष्णता चांगली सोसतो. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे घट पुष्कळदा वापरतात. अशा एका घटावर ५००० मिलिअँपिअर-तास किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असल्यास तो खोटा समजावा. वजनाचा काटाही येथे उपयोगी पडतो: ३६० वॅट-तासांच्या संचातील नुसते घटच दोन किलोच्या आसपास भरतात. जुन्या लॅपटॉपमधील घट जोडून बॅटरी तयार करण्याचा मोह टाळावा. असमान झिजलेल्या घटांपैकी एखादा मर्यादेबाहेर चार्ज होऊन पेट घेऊ शकतो. प्रत्येक घटगटाचा दाब तपासून वेळीच प्रवाह तोडणारे बॅटरी व्यवस्थापन मंडल (बीएमएस) नसलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

जोडणी

मोटर आपल्या आसाला उलट दिशेने पिळते. हा पीळ फोर्कच्या (सायकल दुरुस्तीच्या दुकानातील भाषेत चिमट्याच्या) खाचांवर येतो. खाच फाकली तर चालत्या सायकलीचे पुढचे चाक निखळते. म्हणून पुढच्या चाकात मोटर बसवायची असल्यास पोलादी फोर्क हवा. ॲल्युमिनियमचा फोर्क न ताणता एकदम तुटतो. आसाला धरून ठेवणारी पोलादी पट्टी (टॉर्क आर्म) दोन्ही प्रसंगी लावावी. ती अगदी किरकोळ खर्चाची असूनही तीच गाळली जाते, हे नवलच.

ब्रेकचेही तसेच. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटर वेग असेल, तर थांबण्यास लागणारे अंतर पावणेतीन पटींच्या घरात जाते. जुन्या काळ्या सायकलींचे सळईचे ब्रेक ओल्या पोलादी रिमवर दुबळे पडतात. अशी सायकल आधी ब्रेक बदलल्याखेरीज रूपांतरास घेऊ नये. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी मूठ संचात असावी.

देखभाल

नव्या मोटरचे चाक थोडे चालल्यावर आरे सैल होतात. ते ताणून चाकाचा आऊट काढून घ्यावा. आसाच्या चाक्या दरमहा तपासाव्यात. पावसाळ्यात पाणी तारेवरून ओघळत मोटरमध्ये किंवा नियंत्रकात शिरते. ते टाळण्यासाठी तारेला आत जाण्यापूर्वी खाली झोळ द्यावा. सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये.

बॅटरी सोबत आलेल्या चार्जरनेच, जागेपणी आणि जिन्याची वाट अडणार नाही अशा ठिकाणी चार्ज करावी. उन्हातून आल्यावर ती आधी निवू द्यावी. महिनाभर सायकल वापरायची नसल्यास लिथियम बॅटरी पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरून ठेवावी. फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी; बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे.