गारगोटीचे घड्याळ

बल्लारपुरास वर्धेच्या काठी, खांडक्या बल्लाळशहाच्या किल्ल्याखाली फिरावयास गेलेल्या मनुष्याच्या पायाशी गारगोटी आली, तर ती उचलून घेण्याची बुद्धी त्यास क्वचितच होईल. ह्याच गारगोटीच्या कुळातील स्फटिकाने गेल्या शतकात घड्याळांच्या जगात मोठी उलथापालथ केली. आणि नवल असे, की तीतून जन्मलेल्या उत्तमोत्तम घड्याळांच्या कपाळीही गारगोटीचेच दैव आले.

२५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सायको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ नावाचे मनगटी घड्याळ विक्रीस काढिले. सोन्याच्या ह्या घड्याळाची किंमत साडेचार लक्ष येन, म्हणजे जवळजवळ एका लहान मोटारगाडीइतकी होती. आतला स्फटिक सेकंदास ८१९२ वेळा कंप पावे, आणि महिन्याची चूक पाच सेकंदांपलीकडे जात नसे. पुढल्याच वर्षी स्विस कारखानदारांनी एकत्र येऊन सिद्ध केलेले ‘बीटा २१’ हे यंत्र ओमेगा, पाटेक फिलिप, रोलेक्स अशा मातबर घराण्यांनी आपल्या घड्याळांत बसविले. क्वार्ट्झ घड्याळ जन्मले ते असे श्रीमंताघरी. परंतु ही विद्या थोड्याच वर्षांत इतकी स्वस्त झाली, की अचूक वेळ रस्त्यावरच्या टोपलीत मिळू लागली, आणि त्या टोपलीच्या मोलानेच थोरली भावंडेही मोजली गेली.

आमच्या मते सर्वांत मोठा अन्याय झाला तो रोलेक्सच्या ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’वर. १९७७ पासून २००१ पर्यंत निघालेल्या ह्या घड्याळाचे यंत्र कंपनीने स्वतः रचिले होते; त्यात अकरा खडे बसविलेले असून घडाई चावीच्या घड्याळाच्या तोडीची आहे. पाव शतकात ती सुमारे पंचवीस हजारच झाली, असे संग्राहक मानतात. तरीही त्याच घराण्याच्या चावीच्या घड्याळांमागे धावणारे रसिक ह्याकडे फार दिवस पाठ फिरवून होते!

आपल्याकडेही एच. एम. टी.च्या ‘जनता’ आणि ‘पायलट’चा शोध हौसेने चालतो, क्वार्ट्झ मात्र भंगारात जाते. येथेच आम्हांस चिंता वाटते. चावीच्या घड्याळाचे मोडलेले चाक कुशल कारागीर घडवू शकतो. क्वार्ट्झचे विद्युत्मंडल एकदा निकामी झाले, की बहुधा दुसऱ्या एखाद्या घड्याळाचा बळी द्यावा लागतो. पुष्कळदा ह्या नाशास कारण होतो तो आत विसरलेला, पाझरणारा सेल. वडिलांचे असे एखादे घड्याळ कपाटात पडून असेल, तर वाचकांनी निदान तो सेल आजच काढवून घ्यावा.